पाठमोरी

७ सप्टेंबर

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक पाठपिशवी आणि निघता निघता आईने जबरदस्तीने कोंबलेला मोरपंखी स्वेटर, सगळं शाबूत. माझं डोकं तेवढं अजून विमानात आहे.

खोली आवडली. तिसऱ्या मजल्यावर आहे आणि छप्पर एका बाजूने खाली उतरतं, त्यामुळे पलंगावरून उठताना टाळकं आपटणार हे ठरलेलंच (आज दोनदा आपटलं). खिडकीखाली टेबल, म्हणजे बसलं की दाराकडे पाठ. मागच्या भिंतीवर पुस्तकांची फळी. कपाटाचं दार आपोआप उघडतं, त्यात कागदाची घडी कोंबून त्याला गप्प बसवलं. हीटर अधूनमधून असा खाकरतो की वाटतं, आता एखादे काका भाषणाला उभे राहणार.

शेजारच्या खोलीतली मुलगी नकाशांचा अभ्यास करते. स्वयंपाकघरात जागा मिळेल तिथे खाऊ दडवते आणि मग कुठे ठेवला ते विसरते, म्हणून मी तिचं नाव खारूताई ठेवलंय. मनातल्या मनात, अर्थात.

आईला व्हिडिओवर सगळी खोली दाखवली. तिने पलंगाखालीसुद्धा मोबाइल धरायला लावला आणि म्हणाली, मेले, केर नीट काढलेला नाही कोणी. मग म्हणाली, ठमे, एक मागू का? अभ्यासाला बसशील तेव्हा फोन नुसता चालू ठेव. बोलू नकोस. तू तुझं काम कर, मी माझं विणत बसते. घरात कोणीतरी आहे असं वाटतं.

बाबा गेल्यापासून आम्ही दोघी अशाच तर बसायचो. मी जेवणाच्या टेबलाशी अभ्यास करत, ती मागच्या खुर्चीत सुया घेऊन. तिला माझी पाठच जास्त ओळखीची. त्यामुळे जुना फोन फळीवर पुस्तकांना टेकवून उभा केलाय. तिकडे आई बाबांचा टॅब समोर ठेवते. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची दुपार. झकास जमलं.

१५ सप्टेंबर

कॉलेज मजेत सुरू. आमच्या प्रयोगशाळेत बिया रुजताना त्यांची मुळं कुठे वळतात ते पाहायचं असतं. काचेच्या पेटीत बिया, समोर कॅमेरा. तो दिवसरात्र फोटो काढतो आणि मग ते सगळे जोडून भराभर पळवले की मूळ वळवळताना दिसतं. पेटी उलटी केली तरी बिचारं पुन्हा खालीच वळतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मोठ्याने हसले. मॅडमनी नुसती एक भुवई उचलली. त्या भुवईपुढे भल्याभल्यांची बोबडी वळते म्हणे.

दुपारी घरी येऊन टेबलाशी बसते. मागून सुयांचा टकटक आवाज, तिकडच्या पंख्याची घरघर. मध्येच आई म्हणते, पाणी पी. मी पिते. छान वाटतं. एवढ्या लांब येऊन मी तिला एकटं टाकलं, ही बोच जरा कमी होते. मला जा म्हणाली तीच. सगळ्या नातेवाइकांना तिनेच ठणकावून सांगितलं, माझी मुलगी जाणार म्हणजे जाणार. आणि विमानतळावर माझा हात मात्र सोडेना.

६ ऑक्टोबर

आज आईवर ओरडले.

प्रयोगशाळेतले सगळे रविवारचे तळ्यावर जायला निघाले होते. मला नेहमीप्रमाणे नाही म्हणावं लागलं, कारण दुपारी आई. चौथ्यांदा की पाचव्यांदा. आता मला कोणी विचारेनासंच होईल. त्यात बसल्या बसल्या मागून सुरू. पाठीत वाकून बसू नको. केस धुतले नाहीस वाटतं. किती वेळ झाला, पान उलटलं नाहीस, लक्ष कुठेय? आणि मग बाबांचं. दवाखान्यातला शेवटचा दिवस. ती तो विषय काढते आणि मला पळून जावंसं वाटतं. खरं सांगायचं तर त्या घरातून मी पळूनच आले. तिच्यासमोर एकदाही रडले नाही मी. एकदा रडले असते तर दोघी बुडालो असतो असं वाटायचं.

आज म्हटलं, आई, मला अभ्यास आहे, सारखी पाठीवर बसू नको माझ्या. ती म्हणाली, बरं बाई, ठेवते. रागावली असती तर परवडलं असतं.

९ ऑक्टोबर

दोन दिवस फोन नाही. आईच्या शेजारच्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, बरी आहे, पण टॅब पुढ्यात घेऊन नुसती बसलेली असते, बंदच.

मीच फोन केला. माफी मागितली. ती म्हणाली, अगं, माझंच चुकलं, आता तोंडाला कुलूप. लहान मुलासारखी खूश झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१२ ऑक्टोबर

एक आगाऊपणा केलाय. लिहून टाकते, म्हणजे पोटात राहणार नाही.

ऑनलाइन तासांच्या काळात आम्ही सगळ्यांनीच ही चलाखी केली होती. आपण शहाण्यासारखे ऐकत बसलोय असं चित्रण आधी करून ठेवायचं, तासाला कॅमेऱ्याऐवजी तेच लावायचं आणि आपण खुशाल झोपायचं. एकाही सरांना कळलं नाही.

तर काल मोरपंखी स्वेटर घालून टेबलाशी बसले आणि फळीवरच्या जुन्या फोनने माझी पाठ टिपून घेतली. लिहायला काही हवं म्हणून हीच वही पुढ्यात घेतली आणि पानंच्या पानं रेघोट्या ओढल्या. मध्ये पाणी प्यायले, कान खाजवला, केस मागे सारले. अगदी नैसर्गिक! शेवटी मी उठते, वळते आणि हसत कॅमेऱ्याकडे येते. तेवढा तुकडा कापून टाकला, नाहीतर घोटाळा व्हायचा. बाकीचं संपलं की आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

आज आईला सांगितलं, परीक्षा जवळ आलीय, हाका मारू नको. चित्रण लावलं आणि तळ्यावर गेले. पाणी निळंशार होतं. खूप हसले, खूप चालले. परत येऊन फोन उचलला तर आई म्हणाली, किती मन लावून बसलीस गं आज, मान वर केली नाहीस, दृष्ट काढायला हवी.

खाई त्याला खवखवे. जेवण गेलं नाही.

२७ ऑक्टोबर

एकदाच करणार होते. आता जवळजवळ रोजचंच झालंय. मॅडमनी दुपारची पाळी मला दिली, मग दुसरा उपाय काय? असं मी मला सांगते. आई तिकडे सुखात, मी इकडे कामात, कोणाचं काय बिघडलं?

रोज ठरवते, आज सांगून टाकायचं. मग तिचा चेहरा दिसतो आणि शब्द गिळते. काल म्हणाली, तू समोर असतेस म्हणून मी दोन वेळा नीट जेवते.

५ नोव्हेंबर

आई म्हणाली, ठमे, तुझ्या स्वेटरचा डाव्या खांद्यामागचा टाका उसवलाय, लगेच शिव, नाहीतर सगळा सुटत जाईल. कपाटातून काढून पाहिलं तर खरंच. चित्रणातही स्पष्ट दिसतो, धागा लोंबतोय. एवढ्या लांबून, एवढ्याशा पडद्यावर! तिचे डोळे म्हणजे घारीचे.

शिवते म्हटलं. सुई आहे कोणाकडे इथे?

१३ नोव्हेंबर

आज आई म्हणाली, छान शिवलास हो टाका, माझ्या हातचाच वाटतो.

मी हो म्हटलं. चोराच्या मनात चांदणं. तिला खुलासा काय करणार? मग उगीचच चित्रण लावून पाहिलं.

टाका शिवलेला आहे. डाव्या खांद्यामागे एक छोटी मोरपंखी गाठ. एकही धागा लोंबत नाही.

कपाट उघडलं. स्वेटर तिथेच, घडी घातलेला. उसवलेला.

मी दमलेय. त्या पाळ्या, ती मुळं, दिवसभर पडद्यावर डोळे. आधी नीट पाहिलंच नसेल मी. पण आईने पाहिलं होतं.

१६ नोव्हेंबर

आईचा आवाजच बदललाय. हलकी झालीय. म्हणाली, काल किती दिवसांनी पोटभर बोललीस गं.

काल मी संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेत होते.

काय बोललो आपण, असं जपून विचारलं. आई म्हणाली, असं काय करतेस, बाबांबद्दलच की. तू किती रडलीस. मला इतकं बरं वाटलं बाळा, मला वाटायचं तुला काही वाटलंच नाही. फक्त एकदा वळून तोंड दाखव म्हटलं तर म्हणालीस, आज नको, येतेच आहे.

त्या चित्रणाला आवाज नाही. मी स्वतः काढून टाकला होता.

लाज वाटते लिहायला, पण भीतीच्या आधी मला हेवा वाटला. ती रडली. जे मला दीड वर्षात जमलं नाही ते तिने एका दुपारी केलं आणि आईचं ओझं उतरवलं. मी काय केलं? मी आईला माझी पाठ दिली. तीही खोटी.

१७ नोव्हेंबर

चित्रण पुसून टाकलं. कापलेला तुकडाही पुसायला गेले, तर तो फोनमध्ये नाहीच. मी कधी पुसला ते आठवत नाही. जुना फोन बंद करून खणात घातला.

आईला म्हटलं, काही दिवस दुपारी जमणार नाही. ती म्हणाली, बरं. कुरकुर नाही, काही नाही. सुटले.

१९ नोव्हेंबर

खारूताईने आज विचारलं, दुपारभर कोणाशी गप्पा मारतेस? भाषा कळत नाही, पण ऐकायला गोड वाटते. मी सकाळीच बाहेर पडले होते असं म्हटलं तर हसली. म्हणाली, दार उघडंच होतं, टेबलाशी बसली होतीस, ते निळं-हिरवं घालून. बिस्किटं हवीत का विचारलं, तर पाठमोरीच मान हलवलीस. अभ्यासात आहेस म्हणून मी गेले.

खण उघडला. फोन बंद होता, पण हाताला गरम लागला.

आज खारूताईच्या खोलीत जमिनीवर झोपणार आहे. उंदीर दिसला असं सांगितलंय.

२१ नोव्हेंबर

प्रयोगशाळेत बसून लिहितेय. घाईत आहे, अक्षर सांभाळून घ्यावं, कोण घेणार म्हणा.

आज सगळं सांगून टाकायचंच म्हणून दुपारी इथूनच आईला फोन लावला. टॅबवर नाही, तिच्या मोबाइलवर. ती म्हणाली, कोण? मी म्हटलं, आई, मी. ती हसायला लागली. म्हणाली, काय चेष्टा लावलीय, तू तर इथे समोर बसलीयेस.

मी सगळं सांगितलं. तळं, चित्रण, सगळं. आई, मी फसवलं तुला, मी वाईट आहे, पण ती मी नाही, तो टॅब बंद कर. रडले. आत्ता रडले, इतक्या उशिरा.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग आवाज बदलून म्हणाली, बाई, तू कोण आहेस ठाऊक नाही, पण माझ्या मुलीचा आवाज काढून मला घाबरवू नकोस. माझी मुलगी मला फसवणार नाही.

तिने आपल्या बाजूचा व्हिडिओ सुरू करून मोबाइल टॅबकडे धरला. टॅबमधल्या तिला दाखवायला, की बघ गं, कोण आहे ही. मला दिसलं. माझी खोली. खिडकी. टेबल. आणि मोरपंखी पाठ.

ती लिहीत होती. पाणी प्यायली. कान खाजवला.

मग खुर्ची मागे सरकली. कापलेला तुकडा. मला माहीत होतं पुढे काय ते. ती उठते, वळते, हसत —

आईचा आवाज, अगं बाई, वळलीस एकदाची!

फोन कट झाला.

२२ नोव्हेंबर

आई फोन उचलत नाही. शेजारच्या मावशींना लावला. त्या म्हणाल्या, आई मजेत आहे, सकाळपासून घर आवरतेय, चादरी बदलतेय. ठमी यायचीय म्हणाली. येतेयस का गं? म्हटलं, मावशी, आईला घराबाहेर काढा, दार उघडू देऊ नका. त्या म्हणाल्या, तुझी तब्येत बरी आहे ना?

तिकीट परवाचं. त्याआधीचं मिळत नाही.

२३ नोव्हेंबर

एकच उपाय सुचतोय. त्या जागेवर मी बसायला हवं. खरी मी. जिथून हे सुरू झालं तिथेच.

खोलीत आलेय. भरदुपार, ऊन आहे, भ्यायचं काय त्यात. कोणी नाही. खुर्ची गरम आहे. स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकलेला, टाका शिवलेला. घातला. आईला तोच ओळखीचा. जुना फोन फळीवर ठेवला, टॅबला लावला. ती उचलेल. उचलला की मी वळणार, तोंड दाखवणार आणि म्हणणार, आई, ही बघ मी, चुकले मी, मला शिव्या दे पण मला ओळख.

वही पुढ्यात घेतलीय. नेहमीसारखं दिसायला हवं.

उचलला. मागे पंख्याची घरघर. सुया.

आता वळते

आता

मान वळत नाही

उठता येत नाही. तोंडातून आवाज नाही. फक्त हात चालतोय, लिहिण्यापुरता. पाणी प्यायले. मला तहान नव्हती. कान खाजवला. केस मागे सारले. पुन्हा वही.

आई. आई मागे बघ. म्हणजे पुढे. मी इथे आहे

बेल वाजली. तिकडे. आईच्या घरी.

सुया थांबल्या. चपला ओढत जाते आहे. नको. कडी काढली

अगं तू! न सांगता! — आई रडतेय, हसतेय. आणि दुसरा आवाज. माझा. आले गं आई, म्हटलं होतं ना येतेच. किती छान बोलतेय ती. मी कधीच इतकं —

पाणी प्यायले

दोघी जवळ आल्यात. आई विचारतेय, मग ही कोण गं, इथे बसलेली?

ती हसली. म्हणाली, कोणी नाही आई, ते जुनं चित्रण आहे. तुला एकटं वाटू नये म्हणून लावून ठेवलं होतं. आता मी आलेय ना. बंद कर.

आई म्हणतेय, असं होय. आणि मी मेली हिच्याशी बोलत बसायचे.

पण लगेच बंद करत नाही. थांबलीय. श्वास ऐकू येतोय, अगदी जवळून. म्हणतेय, ठमे, हिचा खांदा बघ. थरथरतोय.

हो आई. हो. मी आहे. बघ नीट, तुझे डोळे

ती म्हणाली, कर ना बंद.

कान खाजवला केस मागे

आई बोट नको लावू मी खरी आ